स्टार्टिंग गॅरंटी

द्वारकेच्या पुलाखाली ओम्नी थांबली
तेव्हा मागे सेहेचाळीस डबे होते
आणि पुढे नुसती वाफ.
ढकलायला आलेला रिक्षावाला कान लावून म्हणाला,
ताई, जाम झालंय. आता ढकलून काय उपयोग.
डबे त्याच्याच रिक्षातून गेले, अडीचशे रुपये.
आमटी सांडली ती वेगळी.

गॅरेजमध्ये आकडा ऐकला, पस्तीस हजार.
मी मान हलवली,
हो पण नाही आणि नाही पण नाही,
भाजीवाल्यापुढे हलवते तशी.
रात्री वहीत बेरीज: भिशीचे सव्वाबारा,
लोणच्याची उधारी आली तर दोन,
मिक्सरची दुरुस्ती पुढच्या महिन्यावर.
चौदात इंजिन बसतं का रे?
मयुरेश, माझा भाचा, सातपूरच्या आयटीआयचा,
मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला,
बसतं. आपण बसवलं तर.

अंबडच्या भंगारात इलियासभाईनं ताडपत्री सारली.
डॉक्टरची गाडी होती म्हणे.
भंगारात येते ती प्रत्येक गाडी डॉक्टरची,
मग नाशकातले डॉक्टर दवाखान्यात जातात कशानं?
प्लग काढून भोकांत तेल सोडलं,
पाना लावून क्रँक फिरवला.
फिरला. जड, पण कुठे अडला नाही,
मुरलेल्या कणकेसारखा.
साडेनऊला तुटलं.
गॅरंटी? तर म्हणाला, स्टार्टिंगची.
म्हणजे चालू होईस्तोवर आपली ओळख,
त्यापुढे तू कोण, मी कोण.

लोकांना वाटतं इंजिन वर ओढून काढतात.
ओम्नीचं उलटं. ते सीटखाली बसलेलं असतं,
त्याला हळूहळू जमिनीवर उतरवायचं
आणि मग गाडीच त्याच्या अंगावरून उचलून न्यायची.
मी द्राक्षांचे क्रेट रचायला घेतले टेकूला,
मयुरेश ओरडला, मावशी, मरायचंय का?
मग सिमेंटचे ठोकळे आणले. क्रेटमध्ये पाने ठेवले.
बोल्ट मसाल्याच्या डब्यात:
जिऱ्याच्या वाटीत गिअरबॉक्सचे,
हळदीच्या वाटीत माउंटिंगचे,
मोहरीच्या वाटीत ज्यांचं आम्हाला कळलं नाही ते.

गांगुर्डे भाऊजी रात्रपाळीवरून थेट आले,
पगारांचे दोघे, इस्त्रीवाला, आणि मी.
एक, दोन, म्हणता म्हणता तीनच्या आधीच उचलली कुणीतरी.
इतकी हलकी असते का गाडी इंजिनाशिवाय?
पगारांचा धाकटा हसत सुटला.
जुनं इंजिन फरशीवर एकटं,
खाली काळं थारोळं. मी त्याखाली पेपर सरकवला.
का, कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी अडलं ते क्लचपाशी.
प्लेट मधोमध यायला दांडा लागतो, तो विकत आठशेला.
गिअरबॉक्स सतरा वेळा टेकवला, सतरा वेळा परत आला.
मयुरेशच्या बोटाचं नख गेलं, तो रडला नाही,
फक्त पाना भिंतीवर फेकला.
मी आत गेले. जुन्या लाटण्याची मूठ करवतीनं कापली,
चिकटपट्टी गुंडाळत गुंडाळत जाडी जुळवली,
घातली. प्लेट जागेवर बसली.
अठराव्यांदा टक् असा आवाज आला.
त्या आवाजावर मी चहा टाकला.

पेठ रोडला आरटीओत साहेबांनी विचारलं,
कुठल्या गॅरेजमध्ये केलं?
मी म्हटलं, पार्किंगमध्ये.
त्यांनी पेन्सिलीनं नंबरचा छाप घेतला,
कागदावर एकेक आकडा धुरकट उमटत गेला.
चेसिस तीच. इंजिन दुसरं.
नाव माझंच राहिलं.

जुनं इंजिन किलोवर गेलं. इलियासभाईनंच घेतलं,
तेलाचं वजन कापून.
एकूण खर्च चौदा हजार तीनशे चाळीस,
लाटणं धरलेलं नाही.
मोहरीच्या वाटीत अजून दोन बोल्ट आहेत.
तिसऱ्या गिअरला काहीतरी किणकिणतं,
मी रेडिओ मोठा करते.

सोमवारी पाथर्डी फाट्याचा चढ,
सेहेचाळीस डबे, काटा निम्म्याच्या खाली.
अंबडच्या गेटवर डबा उघडून शिरसाठ म्हणाले,
वहिनी, आज पोळीला पेट्रोलचा वास येतोय.
मी हात हुंगला.
येत होता.